झोप, थायरॉईड आणि थर्मास

मद्रासच्या एका इंग्रजी सायंदैनिकात मी उपसंपादक म्हणून लागलो तेव्हा उमेदवारीची मुदत एक वर्षाची होती. त्यातले पहिले आठ-नऊ महिने मी जागा होतो. हे टिपण उरलेल्या महिन्यांबद्दल आहे.

थकवा कसा होता ते नेमकं सांगतो. दात घासायला उभं राहवत नसे, म्हणून न्हाणीघरात स्टूल ठेवलं होतं. चपलेचा बंद लावायला वाकलो की पुन्हा सरळ होण्याआधी थोडा विचार करावा लागे. ताप नव्हता, खोकला नव्हता, भूक उत्तम होती. रात्री आठ तास झोप लागे आणि दिवसा, तुकड्यातुकड्यांनी, आणखी तीन तास.

दिवसाची झोप कचेरीत होई, ही अडचण होती. एकदा एका मंत्र्यांच्या भाषणावर काम करताना डुलकी लागली. हातातली पेन्सिल खाली घसरत गेली आणि शेवटच्या सहा परिच्छेदांवर काट बसली. भाषण तसंच छापून आलं. मंत्र्यांच्या सचिवाने फोन करून, वार्तांकन नेटकं झाल्याबद्दल आभार मानले. ही घटना माझ्या बाजूने धरली गेली नाही.

आमचे मुख्य उपसंपादक तमिळ होते. उंच, कृश, आवाज कधीही न चढवणारे. सगळ्यांना 'मिस्टर' म्हणत, नाव घेत नसत. एके दुपारी मी टेलिप्रिंटरच्या ताज्या कागदावर गाल टेकून झोपलो होतो. त्यांनी टेबलावर टकटक केली.

"मिस्टर, तुमच्या गालावर कापूस उतरलाय."

मी गाल झटकला.

"तसा नाही. बाजारभाव. अक्षरं उलटी आहेत, पण मंदी दिसते."

मग त्यांनी मला खिडकीपाशी नेलं. "तुमची मुदत या महिन्याअखेर संपते. आजार असेल तर डॉक्टरचा कागद आणा. रजा देऊ, नोकरी राहील. आजार नसेल तर हा आळस आहे, आणि आळसाला रजा नाही."

नोकरी गेली तर साताऱ्याला परत जाऊन काकांच्या लाकडाच्या वखारीत बसायचं, हे ठरलेलं होतं. काका दर पत्रात तसं लिहीत. तेव्हा मला आजार हवा होता, आणि तो लेखी हवा होता.

नुंगंबाक्कममध्ये आमच्या घराजवळच्या डॉक्टरांनी माझा गळा दोन्ही हातांनी धरला.

"गिळा."

"काय?"

"काहीही. थुंकी चालेल."

मी गिळली. त्यांना थायरॉईडचा संशय आला. ही गळ्यातली ग्रंथी मंदावली की माणूस असाच गळून जातो, असं त्यांनी सांगितलं. त्या काळी हे तपासायची एक रीत होती. माणसाला उताणं निजवायचं, नाक चिमट्याने बंद करायचं, तोंडात रबरी नळी द्यायची आणि तो किती प्राणवायू वापरतो ते यंत्रावर मोजायचं. म्हणजे काहीही न करणाऱ्या माणसाचं शरीर किती काम करतं, ते पाहायचं. मुख्य उपसंपादकांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "या परीक्षेत तुम्ही पहिले याल."

घरात आम्ही तिघं होतो. मी, माझी बायको आणि आई. बायको तंजावरकडच्या मराठी घराण्यातली, तीन पिढ्या मद्रासेत असलेली. तिची मराठी जुन्या वळणाची होती आणि वाक्याच्या शेवटी तमिळ हेल घेऊन वर जाई. आई साताऱ्याहून काही महिन्यांपूर्वी राहायला आली होती. दोघी एकमेकींशी अतिशय अदबीने वागत. इतक्या, की दाराशी समोरासमोर आल्या तर दोघीही थांबत आणि कोणीच आत जात नसे.

"अरे, पण गळ्यात खरंच काही निघालं तर?" आईने विचारलं.

"निघालं तर नोकरी राहील."

"मग निघू दे बाबा."

आणि तिने कोपऱ्यावरच्या पिळ्ळैयारला, म्हणजे आपल्या गणपतीलाच, थायरॉईड निघाला तर पाच नारळ फोडीन असं सांगून टाकलं. बायकोला हे समजल्यावर ती हादरली.

"अय्यो! नवऱ्यास रोग व्हावा म्हणून कोणी नारळ बोलतं काय? मी तर रोग नको म्हणून बोलून आले. सात."

"अगं, मग त्याने ऐकायचं कुणाचं?"

"आधी गेलं त्याचं."

"मी संध्याकाळी गेले होते."

"मी सकाळीस," बायको म्हणाली, आणि लगेच अदबीने पुढे म्हणाली, "पण तुम्ही मोठ्या."

तपासणीचे नियम कडक होते. आदल्या दुपारपासून चहा-कॉफी बंद. रात्रीनंतर पोटात अन्न नको. सकाळी श्रम नकोत. त्या वेळी मी रोज सहा पेले कॉफी पीत होतो. चार घरी आणि दोन थर्मासातून कचेरीत, कारण झोप उडवण्याचा दुसरा उपाय मला माहीत नव्हता. सहा पेले बंद झाल्यावर आपण यंत्रापर्यंत पोचणार कसे, अशी मला शंका होती. श्रम नकोत म्हणून सायकलरिक्षा केली. रिक्षात चढताना श्रम होऊ नयेत म्हणून एका बाजूने आईने आणि दुसऱ्या बाजूने बायकोने उचललं. समोरच्या घरातल्या मामींनी हे पाहिलं आणि हात जोडले.

यंत्र चालवणाऱ्या बाईंनी बजावलं, "झोपायचं नाही हं. झोपलात तर पुन्हा करावं लागेल."

"झोप येत नाहीये," मी म्हणालो. ते खरं होतं. कितीतरी दिवसांनी सकाळचे आठ वाजले होते आणि माझे डोळे आपोआप उघडे होते. नळी तोंडात असताना मी छतावरच्या तुळया मोजल्या, मग पालीचे पाय मोजले. बाई दोनदा म्हणाल्या, "पाय हलवू नका."

तिथून मी तसाच कचेरीत गेलो. दहा वाजेपर्यंत माझं काम संपलं, म्हणून मी शेजाऱ्याचं घेतलं. त्याच्या बातमीतले दोन स्वल्पविराम काढले आणि एक परत घातला. मग बातम्यांच्या फायली वर्णक्रमाने लावाव्यात अशी सूचना केली आणि कोणी उठलं नाही म्हणून स्वतःच लावल्या. दुपारपर्यंत तीन सहकारी माझ्याशी बोलेनासे झाले. मुख्य उपसंपादक दुरून पाहत होते.

"आज तब्येत बरी दिसते," ते म्हणाले.

"हो, सर."

"वाईट झालं."

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी अहवाल हातात दिला आणि अभिनंदन केलं. सगळं नॉर्मल होतं. "तुमचा थायरॉईड माझ्यापेक्षा चांगला आहे."

"मग मी थकतो का?"

"ते थायरॉईडला माहीत नाही," डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या रोग्याला बोलावलं.

घरी सांत्वनाचं वातावरण होतं. आई म्हणाली, "एवढ्या मोठ्या यंत्राला काही म्हणजे काहीच सापडलं नाही?" बायकोने पिळ्ळैयारचे आभार मानले, पण हळू आवाजात. मला ओळीने तीन पेले कॉफी मिळाली आणि थर्मास भरून मिळाला. संध्याकाळी, अहवाल न दाखवताच कचेरीतून परतताना, बीच स्टेशनहून तांबरमच्या गाडीत बसलो. नुंगंबाक्कमला उतरायचं होतं. जागा झालो तेव्हा गाडी रिकामी होती आणि तांबरमचा तिकीट तपासनीस माझ्यासमोर उभा होता. "आज उशीर केलात," तो तमिळमध्ये म्हणाला. आमची ओळख जुनी होती.

त्यापुढच्या दिवशी मी भीतीनेच लवकर उठलो आणि घरची कॉफी न पिता निघालो. बायकोने थर्मास तेवढा पिशवीत घातला. मुख्य उपसंपादकांनी अहवाल दोनदा वाचला.

"नॉर्मल."

"हो, सर."

"दुसरा काही आजार? लहानसासुद्धा चालेल."

"नाही, सर."

"मग व्यवस्थापकांना चिठ्ठी लिहावी लागेल. आधी अंक काढू, मग उरलेली लिहितो," ते दोन ओळी लिहून कागद खणात टाकत म्हणाले.

दहा वाजता कॅन्टीनमधून निरोप आला की दूध फाटलं, कॉफी मिळणार नाही. मद्रासच्या माणसाला दहाची कॉफी न मिळणं ही काय चीज आहे, हे बाहेरच्याला समजावून सांगता येत नाही. मुख्य उपसंपादकांनी घड्याळ पाहिलं, मग भिंत पाहिली. मी थर्मास पुढे केला.

त्यांनी विचारलं, "कुणी केलेली?"

"बायकोने. ती तंजावरकडची."

"मग कॉफीचं डिकॉक्शन बरोबर उतरलेलं असणार." त्यांनी पेला ओठांपासून चार बोटं उंच धरून कॉफी घशात सोडली. "वेगळी आहे. वाईट नाही." त्यांनी दुसरा पेलाही घेतला. थर्मास संपला, माझ्या वाट्याला काही उरलं नाही.

पाऊण वाजता त्यांनी चष्मा काढला. एक वाजता पहिल्या पानाच्या आराखड्यावर डोकं ठेवलं. दीड वाजता पान छपाईला जायचं होतं. आम्ही 'सर' म्हणून पाहिलं, मग मोठ्याने 'सर' म्हणून पाहिलं. शेवटी दोघांनी त्यांचं कोपर उचललं आणि मी खालून आराखडा ओढून काढला. मुख्य बातमी त्यांनी ठरवली नव्हती, ती मी ठरवली. मथळा एका अक्षराने लांब होत होता, तो छाटला. मधेच व्यवस्थापकांनी दारातून डोकावून विचारलं, "साहेब?"

"विचार करताहेत," मी म्हणालो.

अंक वेळेवर निघाला. तीन वाजता मुख्य उपसंपादक उठले, चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, जाहिरातींसह, अंक वाचला.

"कुणी काढला?"

"मी, सर."

"जागेपणी?"

"हो, सर."

मग त्यांनी थर्मासाचं झाकण उघडून वास घेतला. "यात काय आहे?"

"कॉफी."

"कॉफी मला कळते. आणखी काय?"

मला माहीत नव्हतं. घरी जाऊन मी स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून तोच प्रश्न विचारला.

"जायफळ," आई म्हणाली. "त्याशिवाय कॉफी देतात का कुणाला? वरून किसते मी, चिमूटभर. थर्मासातसुद्धा."

बायकोच्या हातातली पळी थांबली. "वरून? मी तर दुधात उगाळून घालते. तुम्ही आलात त्या दिवशी म्हणालात, यात जायफळ नाही? तेव्हापासून रोज."

"अगं, मग सांगायचंस!"

"तुम्हीही घालता, हे मज काय ठाऊक?"

"आणि हा दमलेला दिसला की मी जरा जास्त घालायची," आई हळूच म्हणाली.

"मीही."

माझ्या जिभेला काही वेगळं जाणवलं नव्हतं. साताऱ्याला कॉफी पाहुणा आला किंवा पडसं झालं तरच होई, महिन्यातून एखाद्या वेळी, आणि तिला जायफळाचाच वास असे. मला तो कॉफीचा वास वाटे. आमच्या घरात कृती साताऱ्याची आणि वेळापत्रक मद्रासचं, असं दिवसाला सहा वेळा चाललं होतं, आणि तेही दुप्पट.

"तान्ह्या पोराला झोप लागावी म्हणून उगाळतोच की आपण," आई म्हणाली, आणि मग एकदम खाली बसली. "म्हणजे तुझी नोकरी मी घालवत होते?"

"मी अर्धी," बायको म्हणाली आणि तिच्या शेजारी बसली.

दुसऱ्या दिवशी मी मुख्य उपसंपादकांना सगळा तपशील दिला. कोणी, कधीपासून, किती वेळा. त्यांनी मध्ये अडवलं नाही. मग कालची अर्धी लिहिलेली चिठ्ठी खणातून काढून फाडली, नवा कागद घेतला आणि मला कायम करावं अशी शिफारस लिहिली. आजाराचा उल्लेख केला नाही. जायफळासाठी कचेरीच्या फॉर्मात रकाना नव्हता.

कागदावर सही करण्याआधी ते थांबले.

"एक अट आहे, मिस्टर. मी दुसऱ्या घरची कॉफी प्यालो, हे माझ्या घरी कळता कामा नये."

"नाही कळणार, सर."

"आणि वर चांगली म्हणालो, हे तर नाहीच."

"आपण 'वाईट नाही' म्हणाला होतात."

"तेवढंसुद्धा पुरेल त्यांना," ते म्हणाले, आणि सही केली.