पुलावरचा चिमटा

हे मी लिहिणारच नव्हते. दोनदा लिहायला घेतलं, दोनदा पुसून टाकलं, कारण आत्याला कळलं तर ती म्हणणार, माझ्यावर काय लिहायचंय, मी काय मेलेय का. पण काल भर दुपारी तिला झोपलेली बघितली, एक हात उशीखाली, तोंड किंचित उघडं, आणि दारात तिची नात पहाऱ्याला बसलेली, आणि मग राहवलंच नाही.

तर आत्या काचेच्या कारखान्यात आहे. औषधाच्या बाटल्या बनतात तिथे. तिथली भट्टी कधीच विझवत नाहीत, म्हणजे खरंच कधीच नाही, एकदा पेटवली की वर्षानुवर्षं ती जळतच राहते, कारण विझली तर आतली काच थिजून जाते आणि भट्टीचीच वाट लागते. भट्टी झोपत नाही म्हणून माणसांनी आळीपाळीने जागायचं. एक आठवडा सकाळपाळी, मग दुपारपाळी, मग रात्रपाळी, की परत सकाळ. आत्याचं अर्ध्याहून जास्त आयुष्य या चक्रात गेलंय. शरीराला कधी कळलंच नाही की आपला दिवस नक्की कुठला.

तिचं काम काय, तर बघायचं. बस. समोर पांढऱ्या उजेडाचा मोठा पडदा, त्याच्यापुढून पट्ट्यावर बाटल्या सरकत जातात, एकमेकींना खेटून, न संपणाऱ्या. एखादीला केसाएवढा तडा दिसला, बुडबुडा दिसला, मान वाकडी दिसली की हात पुढे करायचा, उचलायची, पेटीत टाकायची. थोडा वेळ एकीने बघायचं, मग जोडीदारणीने. चुकून तडा गेलेली बाटली पुढे गेली की कुणाच्या तरी औषधात काच. त्यामुळे डोळ्यात तेल घालून बसायचं.

आणि आत्याचे डोळे म्हणजे काय सांगू. कारखान्यात तिला घार म्हणतात. तोंडावर घारताई, पाठीमागे नुसती घार. पाहुण्यांच्या घरी पाणी प्यायला दिलं तरी ती ग्लास आधी उजेडात धरते, लाज आणते अगदी.

आता तिथली एक पद्धत सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. बघणारी माणसं जागी आहेत का हे तपासायला सुपरवायझर मधूनच एक मुद्दाम ठेवलेली खराब बाटली पट्ट्यावर सोडतो. मानेला बारीक तडा, आणि बुडाला निळा ठिपका, म्हणजे कुणी पकडली नाही तर शेवटी पॅकिंगवाल्यांना ओळखता यावी. तिला सगळे पाहुणी म्हणतात. पाहुणी दिसली की उचलून वरच्या फळीवर ठेवायची. इतक्या वर्षांत आत्याच्या हातून पाहुणी एकदाही निसटली नव्हती. ती तिला उचलताना ओरडायची पण, आलीस का भवाने, बस तिकडे, चहा नाही मिळायचा.

हे झालं कारखान्यातलं. घरी आत्याची दुसरी पाळी असायची. मुलगा आणि सून दोघंही उजाडायच्या आत कामाला जातात, त्यामुळे नातीला शाळेत नेणं-आणणं आत्याकडे. नात म्हणजे भिंगरी. सात वर्षांची, एका जागी दोन मिनिटं बसेल तर शपथ. रात्रपाळी असली की आत्या कारखान्यातून थेट घरी यायची, भिंगरीला उठवायची, आवरायची, स्कूटरवर मागे बसवून जुन्या ओढणीने स्वतःच्या कमरेला बांधायची आणि पूल ओलांडून शाळेत सोडायची. सकाळपाळी असली की सकाळी शेजारीण सोडायची, आत्या सुटल्यावर तशीच शाळेतून आणायची. रात्रपाळीच्या आठवड्यात झोप दिवसा, तीही तुकड्यातुकड्याने. बेल वाजली की उठ, कुकर लावायचा म्हणून उठ, समोरच्या घरात ड्रिलिंग सुरू झालं म्हणून उठ. झोपेचं खोबरं, रोजचंच.

ती म्हणायची, मला सवय आहे. अभिमानाने म्हणायची. झोप म्हणजे लाड आहेत म्हणायची, जितके कराल तितकी मागते.

पण बाकीच्यांना दिसत होतं. आत्या चिडकी झाली होती. भाजीत दोनदा मीठ घालायची आणि भाजीलाच शिव्या द्यायची. टीव्हीवर साबणाची जाहिरात लागली तरी डोळे भरून यायचे. सारखं गोड खावंसं वाटायचं, कारखान्यात खिशातून बिस्किटं, घरी डब्यातली साखर चमच्याने. डोकं दुखायचं. सर्दी झाली की महिनाभर मुक्काम. कमरेवर डाव्या बाजूला निळसर डाग पडलेले असायचे, सुनेने विचारलं तर म्हणाली, पेट्यांचे कोपरे लागत असतील, कुठे लक्षात राहतंय. आणि एकदा जेवताना हसत हसत सांगितलंन सगळ्यांना, की अगं मी शाळेत पोचले आणि मला आठवेच ना की पूल कधी गेला. स्कूटरलाच रस्ता पाठ झालाय आता, मी नसले तरी चालेल.

सगळे हसले. मुलगा हसला नाही. तो म्हणाला की आई, स्कूटर बंद कर, रिक्षा लावू. त्यावर आत्याने त्याला असं काही झापलं की बिचारा ताटातच बघत बसला. घारीला रिक्षा लावणार हा, वगैरे.

मग तो दिवस आला. रात्रपाळीचा आठवडा संपून एक सुटी मिळाली होती, त्यात तिने घर धुऊन काढलं होतं, आणि लगेच सकाळपाळी. लख्ख दिवस होता, चहा झालेला, आत्या उजेडासमोर बसलेली. सुपरवायझर हातात बाटली घेऊन आला आणि तिच्याजवळ उभा राहिला. बुडाला निळा ठिपका. म्हणाला, ताई, पॅकिंगला सापडली.

आत्याने त्याच्याकडे असं बघितलं की जणू त्याने तिच्या पर्समध्ये हात घातलाय. म्हणाली, तुम्ही सोडलीच नसेल. किंवा जोडीदारणीच्या वेळेला सोडली असेल. जोडीदारीण बिचारी म्हणाली, मी पाणी प्यायला गेले होते गं, तूच होतीस. आत्या ऐकेना. माझी पापणी लवली नाही, म्हणाली. आवाज एवढा चढला की पलीकडच्या पट्ट्यावरचेही वळून बघायला लागले.

सुपरवायझर भला माणूस. तिच्या मुलाच्या वयाचा. वाद घातला नाही. म्हणाला, बरं, मी तुमच्यासमोर परत सोडतो, तुम्ही सांगा. आणि गेला, सोडली, परत येऊन तिच्या बाजूला उभा राहिला. आत्या पुढे वाकून बसली. इतकी एकाग्र की श्वास पण हळू घेत होती. बाटल्या आल्या, गेल्या, आल्या, गेल्या.

"गेली ताई," तो हळूच म्हणाला.

"कुठे गेली? यायचीय अजून."

तो पट्ट्याच्या टोकाशी चालत गेला आणि ती घेऊन आला.

आत्या नंतर मला सांगत होती, तेव्हा तिचा आवाज एकदम बारीक झाला होता. म्हणाली, मला ओळ अख्खी दिसली गं. मध्ये कुठेही फट नव्हती. कुणीतरी मधला तुकडा कापून नेला आणि दोन टोकं अशी शिवली की टाकाही दिसू नये. सुपरवायझर तिचा चेहरा बघत होता त्या वेळी, आणि तो घाबरला होता. ओरडायचं सोडून त्याने तिला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं, "ताई, तुमचे डोळे उघडे होते. तुम्ही समोरच बघत होतात. पण तुम्ही तिथे नव्हतात."

डोळे उघडे आणि माणूस झोपलेला. आणि त्याला स्वतःला पत्ताच नाही. शरीर इतकं थकलं की विचारत बसत नाही, आपलं आपण जाऊन येतं, क्षण दोन क्षण, आणि दाराला कडी लावल्यासारखं परत सगळं जसंच्या तसं. किती वेळा गेली असेल आत्या अशी? कुणाला माहीत.

पाळी सुटली. ती स्कूटर घेऊन शाळेत गेली, कारण भिंगरी वाट बघत असणार. भिंगरीला मागे बसवलं, ओढणी गुंडाळली, गाठ मारली. निघाली. डोक्यात एकच वाक्य फिरत होतं, तुम्ही तिथे नव्हतात. आणि पूल समोर दिसायला लागला तसा तिचाच तो जेवणातला विनोद तिच्या समोर येऊन उभा राहिला. पूल कधी गेला ते आठवेच ना. तेव्हा सगळे हसले होते. तेव्हा पण भिंगरी मागे बांधलेली होती.

आत्याने स्कूटर पुलाच्या अलीकडेच कडेला घेतली, बंद केली, आणि ओढणीची गाठ सोडायला लागली. गाठ काही सुटेना. शेवटी भिंगरीनेच सोडली.

"आज्जी, पेट्रोल संपलं?"

"हो," आत्या म्हणाली. "माझंच."

मग दोघी पायी निघाल्या. आत्या स्कूटर ढकलत, भिंगरी कठड्याच्या बाजूने उड्या मारत. बाजूने ट्रक धडधडत जात होते आणि प्रत्येक ट्रकला आख्खा पूल पायाखाली हलत होता. आत्याला आधी कधी जाणवलंच नव्हतं की हा पूल हलतो. खाली पाणी होतं, मधल्या खांबावर झाड उगवलेलं होतं चक्क. रोज दोनदा इथून जाऊन तिने हे झाड पहिल्यांदा बघितलं. भिंगरी म्हणाली ते खूप दिवसांपासून आहे. आणि मग, जसं काही शाळेतली गंमत सांगावी तसं, तिने सांगितलं की इथे आलं की तू बोलायची बंद होतेस आज्जी. मी हाक मारते तरी तू बोलत नाहीस. एकदा स्कूटर वाकडी जायला लागली होती.

आत्या थांबली. तिने विचारलं, मग?

"मग मी तुला चिमटा काढला. आता रोजच काढते, पूल आला की. जोरात काढावा लागतो, तुझा ड्रेस जाड असतो ना."

आत्याचा हात आपोआप कमरेवर गेला. डाव्या बाजूला. ते निळे डाग.

सात वर्षांची पोर. ओढणीने पाठीला बांधलेली. कुणाला काही न सांगता रोज पूल आला की आजीला जागं ठेवत होती, आणि तिला वाटत होतं हे प्रवासातलं आपलं काम आहे, दप्तर धरायचं तसं. आत्या म्हणते, इतकी वर्षं मला वाटत होतं मी हिला नेते. त्या दिवशी कळलं कोण कुणाला नेत होतं. पुलाच्या मध्यावर, ट्रकच्या धुरात, ती भिंगरीला पोटाशी धरून उभी राहिली. भिंगरीला वाटलं चिमट्यामुळे रडतेय, म्हणून तिने सॉरी म्हटलं.

संध्याकाळी मुलगा घरी आला तेव्हा स्कूटरची किल्ली त्याच्या ताटाशेजारी ठेवलेली होती. आत्याने त्याला सगळं सांगितलं, पाहुणी, पूल, चिमटा, एकही गोष्ट गाळली नाही. मी तुला झापलं ते चुकलं, असं ती म्हणाली, आणि हे वाक्य आमच्या घराण्यात आजपर्यंत कुणी ऐकलेलं नव्हतं. मुलाने किल्ली खिशात घातली आणि उगीचच तिला अजून एक पोळी वाढली.

डॉक्टरांकडे नेलं तर रक्तदाब चढलेला, साखर काठावर आलेली. डॉक्टर म्हणाल्या, सगळं झोपेमुळेच असं नाही म्हणणार मी, पण अशी फिरती अर्धवट झोप वर्षानुवर्षं घेतली की शरीर सगळीकडूनच कुरकुरायला लागतं, भूक, राग, विसरणं, सगळं. पहिलं औषध, रोज एकाच वेळेला झोपा. आत्याने विचारलं गोळी कुठली? त्या म्हणाल्या, हीच.

आणि मग आत्या झोपली. रजा टाकली आणि झोपली. सुनेने खिडकीला जाड चादरी लावल्या, बेलची वायर काढून ठेवली, मुलाने समोरच्या ड्रिलवाल्याला जाऊन हात जोडले. पहिल्या दिवशी ती दुपारी आडवी झाली ती दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर उठली. मध्ये सून दोनदा नाकाशी बोट धरून आली. ते झोपणं बघायला हवं होतं तुम्ही. समुद्र ओहोटीला आत आत जातो तसं. चेहऱ्यावरच्या घड्या एकेक करून सुटत होत्या. आम्ही सगळे दारातून बघत होतो.

उठली तेव्हा तिने चहा घेतला आणि म्हणाली, यात आलं आहे का? आलं रोजच असतं, आत्या. वर्षानुवर्षं असतं.

आता ती रात्रपाळी करत नाही. तिने स्वतःच जाऊन सुपरवायझरला सांगितलं, मला उजेडासमोरून काढा. घारीने असं म्हणायचं म्हणजे केवढं. ती आता पॅकिंगला बसते, कायम सकाळी. कधीकधी निळ्या ठिपक्याची पाहुणी सरकत सरकत तिच्यापर्यंत येते, आणि तिला कळतं की वर उजेडासमोर कुणीतरी आत्ता तिथे नाहीये. ती आरडाओरडा करत नाही. बाटली उचलते, चालत जाते, त्या माणसाच्या खांद्यावर हलकेच हात ठेवते आणि विचारते, काल किती झोपलास?

भिंगरी आता रिक्षाने जाते. पण आत्या झोपली की दारात बसते. कुणी आलं की ओठांवर बोट. काल मलाही आत जाऊ दिलं नाही तिने, मग मीही तिच्या शेजारी फरशीवर बसले, दोघी नुसत्या आत्याचा श्वास ऐकत.

तुमच्या ओळखीत पण असेल ना असं कुणीतरी, जे पाळीवरून परत येतं आणि म्हणतं मला सवय आहे. त्यांना भेटायला जा. या आठवड्यातच जा, पुढे ढकलू नका. आणि गेल्यावर ते झोपलेले असतील तर उठवू नका. दारात बसून राहा. ती पण भेटच असते.