रायभानचा खेळाचा डबा

पालमच्या स्टँडसमोर रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा रायभान मेंढरं राखणाऱ्या घरातला. बापामागं माळ तुडवायचा सोडून तो परभणीत एका मेकॅनिकच्या हाताखाली चार वर्षं राबला आणि गावात परतून दुकान टाकून बसला.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत त्याची बायको केवळाबाई सातव्या महिन्यात खाटेवर पडून होती. आधीची दोन बाळं पोटातच गेलेली, म्हणून डॉक्टरीणबाईनं तिला उठायचीच मनाई केली होती. केवळाबाईला व्हिडिओ गेमचा लय नाद. दुकानात दुरुस्तीला आलेल्या गेमवर ती असे रणगाडे उडवायची की गिऱ्हाईक आपलं काम विसरून बघत राहायचं. आता ती दिवसभर आढ्याकडं बघत पडायची आणि बोलायचीही कमी.

रायभाननं तिच्यासाठी मांडीवर मावेल असा खेळाचा डबा करायला घेतला. पाच इंची टीव्हीचा पडदा आणि एका बिघडलेल्या गेमची सर्किटची प्लेट. प्रश्न होता बॅटरीचा. साध्या सेलवर डबा अर्धा तासही चालेना. मोटारसायकलची बॅटरी कलंडली तर अॅसिड अंथरुणात सांडणार. शेवटी तो दुकानात बनवून विकायचा त्या इमर्जन्सी लाइटच्या दोन सीलबंद, न सांडणाऱ्या बॅटऱ्या त्यानं निवडल्या. त्याच लाइटमधला रिलेही घेतला, म्हणजे वीज गेली की आत टक् व्हायचं आणि खेळ आपोआप बॅटरीवर चालू राहायचा. दिवसा शेतातल्या मोटारींमुळं व्होल्टेज पडायचं, म्हणून चार्जिंगला ट्रान्सफॉर्मर दणकट लावला. बॅटरी भरल्यावर करंट तोडणारं सर्किट मात्र राहून गेलं. तरी अॅसिडचा थेंबही बायकोच्या अंगावर पडू नये म्हणून त्यानं डब्याची एकूण एक फट लांबीचा लगदा भरून बुजवली.

तीन दिवस केवळाबाई खूश होती. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "आवं, डबा लय तापायलाय. आन नाकाला झोंबल्यासारखं व्हायलंय."

म्हणून रायभान दुसऱ्या दिवशी पूर्णेला किशनरावांकडं गेला. किशनराव रेल्वेतून रिटायर झालेले. घराच्या ओसरीत बॅटऱ्या चार्ज करून द्यायचे. त्यांचा डावा डोळा पांढरा पडलेला होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"झाकणाला भोकं किती पाडलीस?"

"एक बी न्हाई, काका. समदं बुजवलंय."

 किशनराव आपल्या पांढऱ्या डोळ्याला बोट लावून म्हणाले, "ह्यो आसाच गेला. बॅटरी भरल्यावर बी करंट जात राहिला की गॅस निघतोय. दिसत न्हाई. कोंडला आन बारीक ठिणगी पडली, तर डबा न्हाई ऱ्हात, बॉम्ब व्हतोय. आत्ता चार्जिंगला हाय का?"

रायभानच्या डोळ्यांपुढं रिले आला. टक् करताना त्याच्यात निळी ठिणगी पडते, ती त्यानं शंभरदा पाहिली होती. आणि पालमची वीज रोज सहाला जायची.

मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर जाहीर होऊन चारच दिवस झाले होते. एसट्या कधी सुटतील याचा नेम नव्हता. तीनची गाडी पावणेचारला निघाली. वाटेत पोलिसांनी अडवून एकेक पिशवी उघडून पाहिली.  उसाला पाणी देणाऱ्या मोटारी एकामागून एक बंद होताना रायभान खिडकीतून बघत होता. मोटारी थांबल्या म्हणजे व्होल्टेज चढलं, आणि तो दणकट ट्रान्सफॉर्मर भरलेल्या बॅटरीत आणखी करंट कोंबणार.

तो घरात शिरला तेव्हा सहाला पाच मिनिटं होती. केवळाबाई खेळत होती. डब्याचं झाकण मधोमध फुगलेलं.

"प्लग काढू का?" आई कासाबाईनं सॉकेटकडं हात नेला.

"माय, हात लावू नको," तो हळूच म्हणाला. "भायेर जा." प्लग काढला तरी डब्याला वीज गेल्यासारखंच, रिले टक् करणारच होता. त्यानं बायकोच्या मांडीवरचा डबा दोन्ही हातांनी उचलून खाटेवर ठेवला, तिला तशीच उचलली आणि आईमागोमाग अंगण ओलांडून चुलत भावाच्या घराच्या भिंतीआड नेलं. ती काही विचारणार, तोच गावातले दिवे गेले.

आवाज गावभर गेला. खाटेची बाजूपट्टी मोडली होती, गोधडी धुमसत होती आणि पडद्याच्या काचा कुडात रुतल्या होत्या.

लोक जमले, नामांतराच्या भांडणात कुणीतरी काही फेकलं म्हणून कुजबुजायला लागले. रायभाननं ओरडून सांगितलं की माझ्याच हातची चूक हाय. मग तो भिंतीला टेकून खाली बसला. केवळाबाईनं त्याचा हात धरला.

"आता काय झालं? वाचलो न्हवं?"

"ह्याच सर्किटचे सात लाइट इकलेत मी," तो म्हणाला. "धूळ जाऊ ने म्हणून समदे आसेच बुजवलेले."

तसाच पेचकस घेऊन तो उठला. तीन लाइट त्याच संध्याकाळी मिळाले, तीन दुसऱ्या दिवशी. सातवा झरीच्या एका माणसानं नेला होता. नाव विचारायचं राहिलं होतं.

मार्चमध्ये मुलगी झाली, ठणठणीत. त्याआधी आणि नंतर मिळून रायभान चारदा झरीला जाऊन आला. पारावर, गिरणीत, शाळेत विचारलं. शेवटच्या खेपेला एका बाईनं सांगितलं, तसला लाइट तिच्या जावेच्या भावानं नेलाय, कुठल्या गावाला ते तिला ठाऊक नव्हतं. "लय चांगला हाय म्हणत व्हता," ती म्हणाली. "रोज रातच्याला लेकरांच्या उशाशी ठिवतो."