मी डुकरांची तोंडं लिंबाने पुसायचे

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पुढचं ऐकून मला हसावं की दोन धपाटे घालावेत, हे तुम्हाला कळायचं नाही. आमच्या घरात तर ते अजून ठरलेलं नाही.

माझं माहेर खाडीकाठच्या कोळीवाड्यातलं, सासर तळोज्याच्या पलीकडच्या गावात. शिक्षण सातवी. आणि पदरात साडेतीन वर्षांची ओवी. ही ओवी म्हणजे माझ्या जिवाला घोर! काही म्हणजे काही खात नाही हो. एका घासासाठी मी वाटी घेऊन ओटीवरून शेजारणीच्या दारापर्यंत तिच्या मागे पळते. अंगणवाडीच्या बाई म्हणतात, वजन बरोबर आहे. त्यांचं काय जातंय? काट्याला आईचं मन कळतं का?

तर झालं असं, आमच्या ह्यांची पावणे गावच्या कारखान्यातली नोकरी सुटली आणि ह्यांनी डोक्यात घेतलं, डुकरं पाळायची! रीतसर शिकून आले, शेतात शेड बांधली आणि सात पांढरी पिल्लं घेऊन आले. गुलाबी कान, गोल शेपट्या. सासूबाईंनी तीन दिवस अबोला धरला. चौथ्या दिवशी बोलल्या ते एवढंच, "आजानं भात पिकवला, बापानं मीठ पिकवला, न तू डुकरां पालतंस? माझ्या घरात ता मटन येवाचा नाय!"

पिल्लं मोठी झाली आणि पहिलं गिऱ्हाईक आलं. सानपाड्याची रोझी आंटी. ख्रिस्ती लग्नांच्या जेवणाच्या ऑर्डरी घेते. हातात काठी, आवाज असा की कोंबडा ओरडायचा थांबेल. तिच्या स्वतःच्या मुलीचं लग्न चार महिन्यांवर होतं. तिने डुकरांच्या पाठीवरून हात फिरवला, वाकून भरड्याचा वास घेतला आणि ह्यांना फर्मान सोडलं.

"हे बघ बाबा, मारायचा नाय, पलवायचा नाय. डुक्कर घाबरला का त्याचा मटन फिक्का पडतो, पानी सोडतो. मका घाल, कोंडा घाल, सोयाबीनची पेंड घाल. आनि ती मासलीची कुटी आजपासून बंद! वास येतो. आधी एक डुक्कर नमुन्याला घेईन. पटला तर बाकी सहा लग्नाला, आनि पुढच्या माझ्या सगल्या ऑर्डरी तुला."

"आणि नाय पटला तर?" मी विचारलं. मला असे प्रश्न आधी सुचतात.

"नाय पटला तर कोंबड्या पाला," आंटी म्हणाली.

ह्यांनी त्या संध्याकाळी मला बसवून सांगितलं, "दर्शना, हे जमलं तर आपलं जमलं. नाय तर मला परत कंपनीत कंत्राटी लागावं लागेल, आणि आई जन्मभर ऐकवेल. मी दिवसभर गिऱ्हाईकं शोधत फिरणार. शेड तुझ्या भरवशावर."

माझ्या भरवशावर! लग्नाला पाच वर्षं झाली, पहिल्यांदा कोणी असं म्हटलं. मला भरून आलं. आणि मला भरून आलं की मी काय करते? भरवते!

आता सातातली एक होती बारकी. नाव मीच ठेवलेलं. मासळीची कुटी बंद झाली आणि बारकीने मक्याकडे बघून तोंड फिरवलं. अगदी ओवी फिरवते तसं!

"अहो, बारकी खात नाय."

"भूक लागली की खाईल."

ऐकलंत? ओवीबद्दलही हे शब्दाला शब्द हेच बोलतात!

दोन दिवस कळ काढली. तिसऱ्या दिवशी राहवेना. घरात आईने माहेरून पाठवलेला सुक्या जवळ्याचा मोठा डबा होता. तुम्हाला म्हणून सांगते, मी जवळ्यावर वाढले, बाळंतपणात जवळ्यावर उठून बसले. मासळीने कोणाचं वाईट झालंय? पण आंटी म्हणाली होती, वास येतो. मी विचार केला. सातवी झालेली बाई विचार करते तसा, नीट, शेवटपर्यंत. मासळी खाल्ली की वास कुठे येतो? तोंडाला! आणि कोळणीच्या लेकीला मासळीचा वास घालवायला कोणी शिकवायचं का? आमच्या आयाबाया मासळी कापून झाली की हात लिंबाने चोळतात. झालं!

मग काय, रोज अकरा वाजता मी पिशवी घेऊन शेडमध्ये. मक्यात मूठ मूठ जवळा. बारकीला दोन मुठी. एकीला दिलं तर बाकीच्यांनी काय पाप केलंय, म्हणून सगळ्यांना. खाणं झालं की अर्धं लिंबू घेऊन एकेकाचं तोंड पुसायचं. उजवीकडून, डावीकडून, मग ओवीच्या साबणाचा ओला फडका. पहिले दोन दिवस जरा झटापट झाली, पण ओरडायचं नाही, पळवायचं नाही, हा आंटीचा नियम मी काटेकोर पाळला हां! आठवड्याभरात माझ्या बांगड्या वाजल्या की सातही जणं रांगेत उभी राहायला लागली. नाक वर, डोळे मिटून. माझी मुलगी कधी अशी उभी राहिली असेल तर शपथ!

डबा संपला. आईला फोन केला, "जवळा पाठव गं, ओवी खायला लागली." आई आनंदाने रडली. आता बोला.

बारकी टम्म झाली. हे माझी पाठ थोपटायचे. दीड महिन्याने नमुन्याचं एक डुक्कर आंटीकडे गेलं, सुदैवाने बारकी नव्हे, आणि दुसऱ्या दिवशी आंटीने आम्हाला जेवायला सानपाड्याला बोलावलं.

तिसऱ्या माळ्यावरचं घर. ह्यांनी इस्त्रीचा शर्ट घातलेला. आंटीने टोपाचं झाकण उघडलं. घरभर वास सुटला आणि मला एकदम माहेरची आठवण आली.

आंटीने नाक वर केलं. "कोन सुकट भाजतंय या टायमाला?" खिडकी गाठली. "ओ खालच्या वैनी! जवला भाजताव काय?"

खालून आवाज आला, "आंटी, आज चतुर्थी हाय! आमच्याकडे साबुदाना हाय!"

आंटीने खिडकी लावली. वास गेला नाही. दार लावलं. वास वाढला. मग तिने चमचाभर मटण तोंडात घातलं आणि चमचा तोंडातच राहिला.

"हे डुक्कर हाय का खाडी?"

ह्यांचा चेहरा पांढरा फटक. ह्यांनी चाखलं. मीही चाखलं. खरं सांगू? मला आवडलं. पण ते बोलायची ती वेळ नव्हती.

"पेंडवाल्याने फसवलं!" हे ओरडले आणि तिथूनच पेंडवाल्या शेठला फोन. "शेठ, कोंड्यात मासळी मिसळता? माझा धंदा बसवला तुम्ही!" पलीकडून शेठ गणपतीची शपथ घेतोय, पोराबाळांची शपथ घेतोय. मी काय केलं? मी पाणी प्यायले. तीन ग्लास. बोलायला तोंड उघडायचे आणि त्यात पाणीच घालायचे.

ठरलं असं, उद्या सकाळी सगळ्यांनी शेडवर यायचं आणि शेठच्या गोण्या उघडायच्या.

सकाळी सगळे हजर. शेठ लाल झालेला, हे त्याहून लाल. एक गोण उघडली, आंटीने वास घेतला. "चांगला हाय." दुसरी उघडली. "हा पन चांगला." तिसरी उघडली. शेठने बाह्या सरसावल्या. ह्यांचा आवाज बारीक होत चाललेला. मी लांब, दाराशी उभी, ओवीला कडेवर घेऊन. ओवीने माझ्या बांगड्यांशी खेळायला सुरुवात केली. किण किण.

संपलं!

सहाही डुकरांनी माना वळवल्या. पुढ्यातला मका सोडला. आणि शांतपणे, एकामागोमाग एक, कठड्याशी येऊन रांगेत उभी राहिली. बारकी पहिली. नाक वर. डोळे मिटलेले. मग सगळ्यांनी आपापलं तोंड आधी उजवीकडे वळवलं, मग डावीकडे.

शेठची बाही तशीच अर्ध्यावर.

"पोरी," आंटी हळूच म्हणाली, "पिशवीत काय हाय?"

सवयीने पिशवी खांद्याला होतीच. त्यातून निघाली जवळ्याची पुडी, दोन लिंबं आणि ओवीचा साबण. मग मी सगळं सांगितलं. रडत सांगितलं. लिंबासकट, साबणासकट.

"अगो येडे," आंटी कपाळाला हात लावून म्हणाली, "वास तोंडाला नसतो, चरबीला असतो! डुक्कर जे खातो ते त्याच्या चरबीत जाऊन बसतं. तिथे काय लिंबू फिरवशील?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ते शेठसमोर हात जोडून उभे राहिले. "शेठ, चुकलं माझं." माझ्यामुळे माझा माणूस हात जोडतोय! तेव्हा कळलं, भरवसा म्हणजे काय असतं ते.

आंटी काठी टेकत कठड्याशी गेली. बारकीची पाठ दाबली. मग म्हणाली, "एवढी शांत डुकरं मी बघितली नाय. ना घाबरलेली, ना ओरखडा. लग्नाला अडीच महिने हायत. आजपासून नुसता मका, कोंडा, पेंड. वास उतरेल. ऑर्डर हाय तशी हाय." आणि ह्यांच्याकडे वळून, "बायकोला शेडमध्ये येऊ दे. पिशवीला नको!"

अडीच महिने आमचे हे शेडच्या दारात माझी झडती घ्यायचे. मॉलमध्ये घेतात तशी. बारकी पुन्हा दोन दिवस रुसली. मी काळजावर दगड ठेवला. तिसऱ्या दिवशी तिने मका खाल्ला. भूक लागली की खाते म्हणे! मी हे ह्यांना अजून सांगितलेलं नाही.

नमुन्याचं उरलेलं मटण आंटीने त्याच दिवशी परत पाठवलं होतं. सासूबाई नाक मुरडून पातेल्याजवळ गेल्या, वास घेतला, थांबल्या, आणि ताट घेऊन बसल्या. "ह्या त आपलाच हाय!" आणि ओवी? माझी ओवी तीन वेळा मागून जेवली! मी दोघींकडे बघत बसले.

मग लग्न आलं. भला मोठा मांडव, बँड, आणि मधल्या टेबलावर आमच्या मटणाचे टोप. आंटीने पहिला घास घेतला. हे श्वास धरून उभे. आंटीने डोळे मिटले, उघडले. "असा मटन लय वर्षांनी खाल्ला!" चार जणांनी तिथेच ह्यांचा नंबर मागितला. अडीच महिन्यांत ह्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसून मान हलवली. मी ओवीला घास भरवला.

ओवीने तो बाहेर काढला.

"आई, याला जवल्याचा वास नाय!" बँड नेमका तेव्हाच थांबलेला. "मना नको! तुझ्या पर्समधला टाक ना!"

सगळा मांडव माझ्या पर्सकडे बघायला लागला. आंटी, शेठ, सासूबाई, नवरानवरी. आमचे हे सावकाश पुढे आले आणि त्यांनी हात पुढे केला.

आता तुम्हीच सांगा, लग्नाकार्यात मूल उपाशी राहील म्हणून आई बरोबर काही ठेवते की नाही? होती. एक पुडी होती. आणि सवय वाईट, बरोबर अर्धं लिंबूही होतं.