बिनचिंधीचा बोल्ट

साखरखेर्ड्याच्या रहेमतुल्ला मिस्त्रीचा हात लागलेली गाडी डोळे झाकून चालवावी, असं लोक म्हणत. आणि खोटं कशाला बोला, ते ऐकून मिस्त्री मनातल्या मनात फुगत असे. त्याचा एक नेम होता. बोल्ट अर्धवट आवळला की त्याला लाल चिंधी बांधायची, आणि शेवटचा आवळ दिल्यावरच ती सोडून खिशात टाकायची. चाळीस वर्षांत हा नेम कधी मोडला नव्हता.

भागवतनं पुण्याहून मोठ्या हौसेनं पन्नास वर्षांपूर्वीची, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार आणली होती. धाकटा भाऊ दीपक नवरदेव. त्याचा परण्या, म्हणजे लग्नाआधीची मिरवणूक, मारुतीच्या देवळात न्यायचा तो याच गाडीतून, असा भागवतचा हट्ट. पण पहिला गिअर टाकायला जावं तर रिव्हर्स पडे. गिअरबॉक्स मागं, दांडा पुढं, आणि दोघांना जोडणारी लांब सळई जागची सरकलेली. मिस्त्रीनं सीटमागचं झाकण उघडलं, दांडा न्यूट्रलला धरून सळई जुळवली, तिच्या क्लॅम्पचा बोल्ट हलकेच आवळला आणि चिंधी हातात घेतली.

"चिंधी नोका बांधू, चाचा," भागवत म्हणाला. "लग्नाची गाडी हाये. अपशकुन होते."

लग्नघरच्या माणसाशी काय वाद घालायचा! मिस्त्रीनं चिंधी हत्यारांच्या डब्यात टाकली आणि तो नमाजला गेला. परत येऊन पाहिलं तर बोल्टवर चिंधी नाही. म्हणजे काम पक्कं, असं चाळीस वर्षांची सवय सांगत होती. गिअर दोनदा टाकून पाहिले, नीट पडले. त्यानं झाकण लावून टाकलं.

संध्याकाळी हातपाय धुताना त्यानं सवयीनं खिसा चाचपला. खिशात चिंधी नव्हती. ती बांधलीच नव्हती, हे आता आठवलं. बोल्ट आवळायचा राहिला होता, आणि परण्या तर मारुतीच्या चढावर पोचला असणार. सळई पुन्हा सरकली तर पहिल्याच्या जागी रिव्हर्स पडणार, आणि गाडीच्या मागं आरत्या घेतलेल्या बायका, त्यांच्या पायात पोरं.

पाना घेऊन मिस्त्री पळत सुटला. साठीचा माणूस, चप्पल वाटेतच राहिली. पेट्रोल गळतंय असं खोटंच सांगावं, असं पळता पळता मनात आलंही. नाव तरी राहिलं असतं. पण भागवतनं ते हसण्यावारी नेलं असतं तर?

गाडी चढावर थांबलेली होती, पुढं पोरं नाचत होती. त्यानं स्टिअरिंगवर बसलेल्या भागवतपुढून वाकून किल्लीच काढून घेतली.

"काऊन हो चाचा, भर परण्यात?" भागवत ओरडला. नेमका तेव्हाच डीजे थांबला.

"बोल्ट आवळायचा राह्यला, भाऊ. माह्याच हातानं."

हे साऱ्या गावानं ऐकलं. त्यानं झाकण उघडलं, तर बोल्ट नुसत्या बोटांनी फिरत होता. दीपक डोक्यावरचा फेटा सांभाळत मागं वळून पाहू लागला. मिस्त्रीनं दात खाऊन बोल्ट आवळला, झाकण लावलं, किल्ली भागवतच्या हातात दिली आणि म्हणाला, "आता पक्का हाये."

भागवतनं किल्ली लावून गाडी सुरू केली. बायका मात्र गाडीमागून हटल्या. जिच्या घरची जीप मिस्त्री वीस वर्षं दुरुस्त करत आला होता, त्या मंजुळाबाईनं नातीचा दंड धरून तिला पार नालीपलीकडं ओढलं.

मिस्त्री गाडीच्या मागं जाऊन एकटाच उभा राहिला, अगदी बंपरला गुडघे टेकवून.

"टाका पहिला, भाऊ."

गाडी अलगद पुढं निघाली. बायका त्याला वळसा घालून तिच्या मागं चालू लागल्या.