डोकं धुऊन या

आमच्या विभागातली रिटायर्ड मंडळी कुणाच्या घरी जमली की हे किस्से निघतातच. एकाने एक काढला की दुसऱ्याला चार आठवतात. सगळे पोट धरून हसतात. मीही हसते, पण आधी माझं डोकं तापतं.

सत्तरच्या दशकातली सांगली. मी मानसोपचार विभागात सायकॉलॉजिस्ट, आणि आमचे साहेब विलायतेहून शिकून आलेले. "बाई, तिकडं मेंदूचे काप दाखवणारं मशीन निघालंय. वेड आता डोळ्यांनी दिसणार," असं उठता-बसता सांगायचे. आमच्याकडे कुठलं आलंय ते! आमच्याकडे होतं ई.ई.जी., डोक्याला वायरी चिकटवून मेंदूच्या रेघा कागदावर काढणारं. आणि शाईच्या डागांची कार्डं. डागात पेशंटला काय दिसतं, त्यावरून निदान. एवढ्या भांडवलावर साहेब माणसाच्या कपाळी वेडाचा शिक्का मारायचे.

*

सांगलीत मेंदूचा फोटो काढतात, अशी बातमी गावोगाव झाली. आष्ट्याचा एक शेतकरी भावाला घेऊन आला. म्हणाला, "सायेब, फोटूत येडेपणा कुठं दिसतोय तेवढा दावा. तेवढाच काढून टाकू."

सगळे खो खो हसले. मला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. साहेबही तेच म्हणत होते, फक्त इंग्रजीत.

*

फोटो म्हटल्यावर लोक नटून यायचे. तोंडाला पावडर, इस्त्रीचा शर्ट आणि कपाळावर ओघळेल इतकं खोबरेल. वायरी सटकायच्या, कागदावर रेघा वाट्टेल तशा उड्या मारायच्या. साहेब खूश. "सिव्हिअर डिसऑर्डर! बघा बाई."

मी म्हटलं, "साहेब, हे खोबरेल आहे. याला शिकेकाई लिहून द्या."

बरेच दिवस बोलले नाहीत माझ्याशी. शेवटी मीच दारावर पाटी लावली, 'डोकं धुऊन या'. वाचतंय कोण!

*

साताऱ्याकडचा एक फौजी सुट्टीवर आला होता. झोप लागत नाही म्हणून घरच्यांनी आणलेला. साहेबांनी डागाचं कार्ड पुढं केलं. "काय दिसतंय?"

त्याने नीट पाहिलं आणि कार्ड पालथं करून टेबलावर ठेवलं. "नकाशा हाय. सांगता येणार न्हाई. आधी तुमचं आयकार्ड दावा."

साहेबांनी लिहिलं, संशयी वृत्ती. अहो, नकाशाबद्दल तोंड उघडायचं नाही हे ज्याला लढाईत शिकवलं, तो दुसरं काय सांगणार? त्याच्या झोपेबद्दल कुणी विचारलंच नाही.

*

आणि कुंडलची शालन. हिचं आठवलं की अजून तळपायाची आग मस्तकात जाते.

तिचं तान्हं बाळ गेलं, तेव्हापासून ती गप्प होती. नवरा फौजेत, लांब. सासरा तिला घेऊन आला आणि त्याचं पहिलंच वाक्य हे, "सायेब, येडी हाय अशी चिठ्ठी द्या. पोराचं दुसरं लगीन करायचं हाय." मुलगीसुद्धा बघून ठेवली होती म्हाताऱ्याने.

तो खुर्ची ओढून तिथंच बसला. शालनचा पदर नाकापर्यंत, नजर जमिनीला. साहेब एकेक कार्ड दाखवत गेले, ती मान वर करेना. वायरी लावायला पदर घ्या मागं, म्हटलं तर तिने तो दोन्ही हातांनी गच्च धरला. साहेब लिहू लागले. समोरचं दिसत नाही, हात लावू देत नाही, स्किझोफ्रेनिया.

माझा पारा चढला. "साहेब, सासऱ्यासमोर सून मान वर करत नाही, हे आपल्याकडं शेंबडं पोर सांगेल. तुमच्या विलायतेत सासरे नसतात का?" मग मी म्हाताऱ्याकडे वळले. "आबा, बाहेर बसा."

"आवं बाई, मी तिचा सासरा हाय."

"म्हणूनच."

तो गेला. शालनने पदर मागं घेतला आणि कार्डं एकेक करून पाहिली. "हे फुलपाखरू हाय. ह्या दोन बाया जात्याला बसल्यात." तुम्ही-आम्ही जे सांगू, तेच.

साहेब ओशाळले, पण हट्ट सुटेना. "मग मघाशी काहीच दिसत नव्हतं?"

"दिसत हुतं की. खालचं समदं दिसत हुतं," शालन म्हणाली. "तुमच्या एका पायात करडा मोजा हाय, एका पायात काळा."

साहेबांनी पाय खुर्चीखाली घेतले.

"आन मामंजींचा पाय सारखा हालत हुता. तुमी लिवायला लागला की थांबायचा."

साहेबांनी आबांना आत बोलावलं, खुर्चीवर बसवलं. शालनचा पदर पुन्हा नाकावर आला. आबांचा पाय हलायला लागला. साहेबांनी कोऱ्या कागदावर पेन टेकवलं आणि टेबलाखाली वाकून पाहिलं.

पाय थांबला होता.

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. म्हणाले, "आबा, चिठ्ठी मिळणार नाही. आणि उद्या डोकं धुऊन या. फोटो तुमचा काढायचाय."