मामांचे दोन प्राणी

आमच्या मामांइतका वैताग आणणारा माणूस अख्ख्या नागपुरात दुसरा नव्हता. ते शाळेत जीवशास्त्र शिकवीत, पण त्यांच्या लेखी जगात दोनच प्राणी होते: दक्षिण अमेरिकेतल्या झाडांना उलटं लटकून आयुष्य काढणारा स्लॉथ, आणि फुलपाखरू. भेटेल त्या माणसाला ते या दोहोंपैकी एकात बसवीत. एकदा इतवारीत भांडी घ्यायला गेलो, तर दुकानदाराच्या तोंडावर म्हणाले, "हा स्लॉथ आहे गा. दुसरीकडे चाल." मी मान खाली घालून, पातेलं न घेताच बाहेर पडलो.

माझी धाकटी बहीण कुसुम हे त्यांचं फुलपाखरू. एका जागी बसणं तिला ठाऊकच नव्हतं. त्यापायी तीन स्थळांनी नकार कळवला होता. चौथं आलं काटोलचं, संत्र्याच्या बागेवाल्यांचं. हेही गेलं तर बाबा हाय खातील, अशी घरात धास्ती. मी मामांना हात जोडून सांगितलं, "मामा, आज प्राणी नकोत."

"तुले काय वाटते, मले समजत नाही काय?" म्हणून ते कोपऱ्यात बसले.

मुलगा भारी संथ. पोह्यांचा एक घास, मग विचार, मग दुसरा घास. मामांची चुळबुळ वाढत गेली आणि शेवटी राहवलं नाहीच. "स्लॉथ! पक्का स्लॉथ! एक पान पचवायले महिना लावते. आठवड्यातून एकदा झाडावरून उतरते, तेही परसाकडे जायले! आन् आमची कुसुम फुलपाखरू, पायानं चव घेते!"

मुलाच्या वडिलांनी बशी खाली ठेवली. बाबांचा चेहरा पांढराफटक पडला. मामांना उचलून सक्करदऱ्याच्या तलावात टाकावं, असं मला मनापासून वाटलं. मुलानं मात्र तोंडातला घास संपवला, घोटभर पाणी घेतलं आणि विचारलं, "गुरुजी, त्या स्लॉथसोबत कोणी राहते काय?"

मामा खुर्ची पुढे ओढून बसले. "राहते ना. फुलपाखराच्या भाऊबंदातला एक पतंग राहते त्याच्या केसांत. स्लॉथ हळू चालते, म्हणून त्या पतंगाचा संसार टिकते."

"मंग माही काही हरकत नाही," मुलगा म्हणाला. दाराआड कुसुम खुदकन हसली.

लग्न झालं. मामांनी स्वतः लग्न केलंच नव्हतं, ते एकटेच राहिले. कुसुम महिन्यातून एकदा काटोलहून बसनं संत्री घेऊन त्यांच्याकडे यायची. ती घाईत, आणि मामा एक संत्रं सोलायला तासभर लावायचे, फोडीफोडीवरची शीर न् शीर काढत. एकदा मी चिडलोच, "मामा, आटपा ना, तिची बस चुकेल!"

मामा वर न बघता हळूच म्हणाले, "संत्रं संपलं का ती उठते गा."

मामा आता नाहीत. कुसुम माझ्याकडे येते, दारातूनच परत निघायची घाई करते. मी तिच्यापुढे बसतो आणि सावकाश संत्रं सोलायला घेतो.