मऊ जमिनीवरचे ठोके

आमच्या लॅबमध्ये किस्से कोणी जमवत नाही, ते आपोआप साठतात. फ्रीजमधल्या लेबल गळालेल्या बाटल्यांसारखे! कोणाची कुठली ते आठवत नाही, पण फेकवतही नाही. मी इथली टेक्निशियन. राहते अकोल्याला, रोज गाडीने बडनेऱ्याला उतरते आणि ऑटोने अमरावतीला कॉलेजात येते. सगळे मला इंगळेताई म्हणतात. तोंड फटकळ आहे, पण हात हलका आहे, म्हणून टिकले.

काम आमचं पेशींचं. पेशी एकमेकींना धरतात कशा, खालची जागा कडक की मऊ हे त्यांना कळतं कसं, आणि सुट्या सुट्या पेशींचं मिळून एक अवयव कसा होतो, हे बघायचं. सर पुण्याचे, सज्जन माणूस. वानखडेकाका अटेंडंट, मूर्तिजापूरकडचे, घरी काळ्या मातीची शेती. आणि पल्लवी. बडनेऱ्याजवळ मळा असलेल्या भाजीवाल्यांची एकुलती एक लेक, पीएच.डी. करते. विषय, हृदयाच्या पेशी.

तिचा विषय ठरल्यावर वर्षभराने, याच उन्हाळ्यात, तिच्या बाबांना झटका आला. वाचले. पण हृदयाचा एक भाग वण पडून कडक झाला, असं डॉक्टरांनी सांगितलं. घरी आल्यावर त्यांनी पोरीला एकच वाक्य ऐकवलं. "दसऱ्यापर्यंत काई निघालं तं शिक, नाई तं घरी ये. बाजारात बसाले घरचं मानूस पायजे."

तेव्हापासून आमच्या लॅबमधलं कॅलेंडर दसऱ्यापाशी संपत होतं!

*

हृदयाच्या पेशी कोंबडीच्या अंड्यांतून मिळतात. अंडी हवीत फलित, उबवणी केंद्रातली. ती अकोल्याहून आणायची जबाबदारी अर्थातच माझ्यावर. धक्का लागू नये म्हणून ट्रे शालीत गुंडाळून गाडीत मांडीवर घेऊन बसले.

समोरच्या गृहस्थांनी बोरगावपर्यंत धीर धरला. मग म्हणाले, "ताई, उबवून राहिल्या का?"

मी म्हटलं, "नाही हो. लॅबमध्ये आठवडाभर उबवलं की आत दिल चांगलं धडधडतं. ते काढून काचेखाली बघतो आम्ही."

गृहस्थ उठले, पिशवी घेतली आणि दरवाजात जाऊन उभे राहिले. मूर्तिजापूर यायला अजून बराच वेळ होता!

*

पहिल्याच खेपेला पेशी चिकटेनात. तीन दिवस तरंगत राहिल्या आणि मेल्या. पल्लवीने औषधं बदलली, पाणी बदललं, मला दोनदा विचारलं की अंडी शिळी होती का. मी तिच्याकडे नुसतं बघितलं.

शेवटी डिशचा डबा उलटा करून लेबल वाचलं तर उलगडा झाला. काकांनी स्टोअरमधून जीवाणू वाढवायच्या डिश काढून दिल्या होत्या! दिसायला सारख्याच, पण त्यांचं प्लॅस्टिक पेशींना धरता येत नाही. सरांनी काकांना न रागावता समजावलं, की पेशीला आधी खाली बसायला जिलेटिनसारखा एक पातळ थर लागतो, तो धरून ती हातपाय पसरते.

काका म्हणाले, "असं सांगा ना मंग! पाहुना आल्यावर चटई टाकाचीच रायली."

त्या दिवसापासून आमच्याकडे त्या थराला कोणी कोटिंग म्हणत नाही. "चटई टाकली का?" असंच विचारतात. सरसुद्धा!

*

चटई झाली, तर नवीनच भानगड. सगळ्या पेशी डिशच्या मधोमध गोळा आणि कडेला वाळवंट. पल्लवी म्हणे पेशींनाच तसं आवडत असेल. सर दोन दिवस विचार करत होते. एक सिद्धान्तही मांडला त्यांनी, फळ्यावर, बाणांसकट.

तिसऱ्या दिवशी मी तिच्यामागे उभी राहून ती काम कसं करते ते पाहिलं. पेशी टाकल्या, झाकण लावलं, आणि बाईने डिश दोन्ही हातांत धरून गोल गोल फिरवली. हलक्या हाताने, तालात.

"हे काय करून राहिली वं?"

"सगळीकडे सारख्या पसराव्या म्हणून, ताई."

अगं, ही तर सुपात तूर घोळते तसं करत होती! लहानपणापासून आईसोबत डाळ निवडलेली, हात आपोआप तसा फिरतो. गोल फिरवलं की सुपातले खडे जसे एका जागी येतात, तशाच पेशी. पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे हलवायला शिकवलं. दुसऱ्या दिवशी पेशींचा थर असा एकसारखा, की सरांनी मुकाट्याने फळा पुसला.

*

आता पेशी चिकटल्या, पसरल्या, धडधडल्या. पहिल्यांदा ठोका दिसला तेव्हा पल्लवी एवढ्या जोरात ओरडली, की शेजारच्या वनस्पतिशास्त्रवाल्यांना वाटलं साप निघाला! पण चौथ्या दिवशी धडधड मंदावली आणि पाचव्या दिवशी बंद. पुन्हा केलं, पुन्हा बंद.

सर म्हणाले, प्लॅस्टिक कडक पडतं. पेशी खालची जागा ओढून बघते. ती जराही हलली नाही, तर जास्त जोर लावते, आणि ओढून ओढून थकते.

पल्लवीने बंद पडलेली डिश पुन्हा काचेखाली सरकवली. मग हळूच म्हणाली, "म्हणजे बाबांच्या हृदयात तो कडक भाग आहे, त्याच्या कडेच्या पेशीपण अशाच थकत असतील का?"

सरांनी तिला खोटा धीर दिला नाही. म्हणाले, "माहीत नाही. ते बघायलाच तर आपण बसलोय."

मला तो माणूस तेव्हा फार आवडला.

*

मग मऊ जेल बनवायचं ठरलं, खऱ्या हृदयाइतकं मऊ. पहिलं जेल झालं कढीसारखं, दुसरं खोडरबरासारखं. मोजायचं यंत्र आमच्याकडे नाही, ते नागपूरला पाठवायचं, तिथे नंबर लागायला महिना. दसरा तीन आठवड्यांवर!

काका उठून बाहेर गेले आणि चिकनच्या दुकानातून कोंबडीची चार ताजी हृदयं घेऊन आले. "घ्या. दाबून पाहा."

पुढचा अर्धा तास आम्ही सगळे हातमोजे घालून एक बोट हृदयावर, एक बोट जेलवर ठेवून उभे होतो. सर जन्माचे शाकाहारी. डोळे घट्ट मिटून, मान वळवून दाबत होते. "हं... अजून थोडं मऊ हवं... हं, जवळ आलं."

नेमके तेव्हाच प्राचार्य पाहुण्यांना घेऊन लॅब दाखवायला आले. त्यांनी सगळं पाहिलं, पाहुण्यांना म्हणाले, "इथे संशोधन चालतं," आणि दार ओढून घेतलं!

महिन्याने, दसरा उलटून गेल्यावर, नागपूरचा आकडा आला. काकांचं बोट फार चुकलं नव्हतं.

*

जेल जमलं, तरी पेशी नीट धडधडेनात. आणि आली खंडेनवमी. काकांनी सूक्ष्मदर्शक पुसला, हळदकुंकू वाहिलं, पेशी उबेत ठेवायच्या कपाटाच्या, म्हणजे इनक्युबेटरच्या, मुठीला झेंडूची माळ घातली. सर कळवळून म्हणाले, "काका, फुलं आत नाही ना?" काका म्हणाले, "आत कशाले? देवाले दारातूनच दिसते." मग आमच्याकडे वळले. "पूजेतल्या औजाराले दसरा सरेपर्यंत हात लावाचा नाई. कोनीच नाई!"

पल्लवीचा चेहरा उतरला. "काका, मला दर दोन तासांनी बघावं लागतं."

"काहून?"

"जगल्या का ते बघायला."

ती दर दोन तासांनी दार उघडून, डिश बाहेर काढून, काचेखाली ठेवून, परत नेत होती! गार हवा, हिसके, उजेड. काळजीपोटी रोज सहा वेळा. माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं, आणि मलाही सुचलं नाही, याची अजून लाज वाटते.

काका म्हणाले, "रोप लावल्यावर रोज उपटून मुळ्या पायतं का कोनी? तुयाच घरचा मळा हाये ना?"

दोन दिवस इनक्युबेटरला कोणी हात लावला नाही.

*

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचले तर लॅबच्या दारात पल्लवीचे बाबा बसलेले. सोबत दोन रिकामी पोती आणि सुतळीची गुंडी. हॉस्टेलचं सामान बांधून पोरीला न्यायला आले होते. पल्लवी शेजारी उभी, डोळे सुजलेले.

मी म्हटलं, "भाऊ, दोन मिनिटं थांबा. आजची डिश तेवढी पाहू द्या तिला."

माळ बाजूला सारून तिने डिश काढली, काचेखाली ठेवली. पाहत राहिली. ओरडली नाही. नुसती बाजूला झाली आणि म्हणाली, "बाबा, तुम्ही पाहा."

त्यांनी टोपी काढली आणि डोळा लावला. मी शेजारच्या स्क्रीनवर पाहत होते. दोन पेशी, मध्ये चांगली मोकळी जागा, आणि दोघींचा ठोका एकाच वेळी पडत होता.

"ह्या दोघी एकमेकीले टेकल्या तं नाईत?"

"नाही बाबा."

"मंग हिले तिचं कसं समजते?"

"ती आकसली की खालचं जेल ओढलं जातं. ते हिला लागतं. जमीन मऊ आहे ना."

बाबा परत वाकले. डावा हात कधी छातीवर गेला ते त्यांनाही कळलं नसेल. सर येऊन मागे उभे राहिले, काकाही आले.

बऱ्याच वेळाने बाबांनी डोळा काढला.

"याईले खायाले कोन देते?"

"मीच देते. एक दिवसाआड."

"सुट्टीच्या दिवशी?"

"तेव्हाही."

बाबांनी टोपी घातली. दोन्ही पोती झटकली, नीट घडी करून काखेत मारली.

"मंग तू घरी कशी येशीन?"